प्रियंका भोतमांगे : सतरा वर्षांची साक्षीदार

खैरलांजी म्हटले की आंबेडकरी माणसाच्या डोळ्यांपुढे आजही कालवा येतो आणि त्या कालव्यातून काढलेली प्रेते येतात. दरवर्षी २९ सप्टेंबर जवळ आला की चौकाचौकांत फलक लागतात, मेणबत्त्या पेटतात, अभिवादन सभा होतात. वक्ता उठतो आणि २००६ च्या त्या संध्याकाळचे वर्णन सुरू करतो. समोर बसलेल्या आयाबायांना ते ऐकवत नाही, तरुणांच्या मुठी आवळतात आणि सभा संपते. या वर्णनाची एके काळी गरज होती, हे आम्ही नाकारत नाही. मोठी म्हणवणारी वर्तमानपत्रे महिनाभर गप्प बसली असताना, हातोहात फिरलेल्या त्या छायाचित्रांनीच समाज रस्त्यावर आला. पण आता या घटनेला वीस वर्षे होत आली. त्या संध्याकाळच्या आधी प्रियंका भोतमांगे नावाची मुलगी सतरा वर्षे जगली होती, हे आजच्या सभेत बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलीला कोण सांगणार? ती कोणाच्या घरची, कोणत्या शेतातली, काय शिकत होती आणि पोलिसांपुढे कशासाठी उभी राहिली होती?

आमचे म्हणणे असे आहे की खैरलांजीत काय घडले हे समजून घ्यायचे असेल तर मरणाच्या त्या दोन तासांपेक्षा ही सतरा वर्षे अधिक बारकाईने पाहावी लागतील.

प्रियंका ही शेतकऱ्याची मुलगी होती. हे वाक्य मुद्दाम लिहावे लागते, कारण तिच्यावर जेवढे लिहिले गेले त्यात 'दलित कुटुंब', 'बौद्ध कुटुंब' हे शब्द पानोपानी आहेत, 'शेतकरी कुटुंब' हा शब्द क्वचितच सापडतो. २००६ हे साल आठवा. विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी तेव्हा देशाचे लक्ष वेधले होते. त्याच वर्षी जून संपता संपता तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर करून गेले. विदर्भाचा शेतकरी कसा जगतो, कसा मरतो, यावर अग्रलेखांचा पाऊस पडला. तीन महिन्यांनी याच विदर्भात एक अख्खे शेतकरी कुटुंब संपवले गेले, पण त्यांना शेतकरी म्हणून कोणी ओळखले नाही. शेतकरी संघटनांना तो आपला प्रश्न वाटला नाही. शेतकऱ्याच्या नावाने गळा काढणाऱ्या पुढाऱ्यांनाही वाटला नाही. या महाराष्ट्रात 'शेतकरी' या शब्दालाही जात आहे, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

भंडारा जिल्ह्यातला मोहाडी तालुका हा धानाचा मुलूख. तलाव, बोड्या, कालवे आणि त्यांच्या भरवशावर असलेल्या बांध्या. या जिल्ह्याशी आपले नाते जुने आहे. १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब स्वतः इथून लोकसभेला उभे होते आणि त्यांना पाडण्यात आले होते. याच तालुक्यातल्या खैरलांजीत भैयालाल आणि सुरेखाताई भोतमांगे यांची पाच एकर जमीन होती. गावात वस्ती प्रामुख्याने कुणबी, कलार अशा ओबीसी जातींची. बौद्धांची घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. भोतमांगे यांना तीन लेकरे. रोशन, ज्याला डोळ्यांनी नीट दिसत नव्हते, सुधीर आणि प्रियंका. राहायला साधी झोपडी. पक्के घर बांधू द्यायला ग्रामपंचायत तयार नव्हती, विजेची जोडणी मिळत नव्हती. जमीन मात्र स्वतःची होती.

पाच एकर हा आकडा शहरात बसून वाचला तर लहान वाटतो. धानाच्या गावात त्याचा अर्थ काय होतो, ते गावातल्या माणसालाच कळते. पाऊस लागला की पऱ्हे टाकायचे, चिखलणी करायची, रोवणी उरकायची, मग निंदण, आणि दिवाळीच्या आगेमागे कापणी, बांधणी, चुरणी. रोवणीच्या दिवसांत गावाला मजुरांची गरज असते आणि ती सगळ्यांना एकाच वेळी असते. बिनजमिनीच्या बाईला बोलावणे आले की जावे लागते. रोजी ठरवणारा तो, वेळ ठरवणारा तो. पण जी बाई स्वतःच्या बांधीत रोवणी करते, ती दुसऱ्याच्या बांधीत बोलावल्या वेळी हजर होत नाही. ती 'आज जमत नाही' असे म्हणू शकते. बौद्ध बाईच्या तोंडचे हे तीन शब्द गावाला किती झोंबतात, याचा अनुभव आपल्यापैकी ज्यांनी गाव पाहिले आहे त्या सर्वांना आहे. सुरेखाताई हे म्हणू शकत होत्या. बाजूच्या शेतवाल्याशी त्या नजर खाली न घालता बोलत. आणि त्यांची मुलगी शिकत होती.

प्रियंका बारावीची विद्यार्थिनी होती आणि अभ्यासात पुढे असणारी मुलगी म्हणून ओळखली जात होती. शेतकरी घरातल्या मुलीने बारावीपर्यंत पोचणे म्हणजे काय, हेही समजून घेतले पाहिजे. अशा घरात शाळा ही रोवणीच्या आणि कापणीच्या मधल्या वेळात होते. घरात वीज नाही म्हणजे अभ्यास उजेड असेपर्यंत किंवा मग दिव्यावर. त्यात एक भाऊ आंधळेपणाशी झुंजणारा. आई-बाप दिवसभर बांधीत. एवढ्यातून ही पोर वर्गात पुढे होती. या घरात कोणी पुढारी नव्हते, सभेत भाषण ठोकणारे कोणी नव्हते. पण जमीन सोडायची नाही, मुले शिकवायची, अन्याय झाला तर कायद्याकडे जायचे, या तीन गोष्टी हे घर रोज पाळत होते. बाबासाहेबांनी सांगितलेले याहून वेगळे काय होते?

वादाला निमित्त झाले शेतातल्या रस्त्याचे. भोतमांगे यांच्या शेतातून गावाला रस्ता हवा होता. त्यांनी नकार दिला तेव्हा उभ्या पिकातून बैलगाड्या घालण्यात आल्या, गुरे सोडण्यात आली. आता शेतरस्त्याचे वाद महाराष्ट्रात कोणत्या गावात नाहीत? त्यासाठी कायदा आहे, तहसीलदार आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली अर्ज होतो, तहसीलदार जागेवर येतो, पंचनामा होतो, धुऱ्यावरून कोणाला किती वाट द्यायची ते ठरते. नाही पटले तर वर अपील असते. दोन कुणबी शेतकऱ्यांत भांडण झाले तर गाव त्यांना तहसीलचा रस्ता दाखवते. मग भोतमांगे यांच्याच वेळी पंचनामा का नाही? त्यांच्याच पिकात गाड्या का? पुढे न्यायालयात ज्याला जमिनीचा वाद म्हटले गेले, त्यात जात कुठून आली असे विचारणाऱ्यांनी आधी या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

भोतमांगे कुटुंबाला गावाबाहेरचा एक आधार होता. शेजारच्या धुसाळा गावचे पोलीस पाटील त्यांच्या बाजूने उभे राहत. ३ सप्टेंबर २००६ रोजी या पोलीस पाटलांना बेदम मारहाण झाली. मारणारे कोण होते, हे सुरेखाताई आणि प्रियंकाने पोलिसांना सांगितले. आमच्या लेखी प्रियंकाच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा प्रसंग आहे, आणि नेमका तोच स्मृतिदिनाच्या भाषणांत दोन वाक्यांत उरकला जातो. सतरा वर्षांची मुलगी. ज्यांची नावे घ्यायची ते तिच्याच गावचे. रोज त्याच वाटेने जायचे-यायचे. घराला धड दार नाही. पोलीस ठाणे दूर आंधळगावला. तिथल्या पोलिसांनी आजवर या घराच्या तक्रारींची काय दखल घेतली ते तिला ठाऊक होते. तरीही तिने पाहिले ते सांगितले. पुष्कळ शिकलेली, पुष्कळ पगाराची माणसे अशा वेळी 'आमचे लक्ष नव्हते' म्हणून मोकळी होतात.

२९ सप्टेंबरला आरोपींना अटक झाली आणि त्याच दिवशी जामीन मिळाला. त्याच संध्याकाळी जमाव भोतमांगे यांच्या झोपडीवर चालून गेला. सुरेखाताई, रोशन, सुधीर आणि प्रियंका, चौघेही मारले गेले. भैयालाल शेतातून आले, त्यांनी लपून ते पाहिले आणि मदतीसाठी धुसाळ्याकडे धावले. पोलीस वेळेत आले नाहीत. प्रियंकाचे प्रेत दुसऱ्या दिवशी कालव्यात सापडले. याहून अधिक वर्णन आम्ही करणार नाही. पण एक गोष्ट स्पष्ट दिसते. आरोपींना जामीन देताना ज्यांनी साक्ष दिली त्या मायलेकी आज रात्री कुठे झोपणार आहेत, हा प्रश्न ना पोलिसांनी विचारला, ना न्यायालयाने. त्यांच्या घरासमोर एक शिपाईदेखील उभा नव्हता.

त्यानंतर तीनच दिवसांत, २ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तनाचा सुवर्णमहोत्सव साजरा होत होता. देशभरातून लाखो लोक आले होते आणि हाकेच्या अंतरावरच्या भंडाऱ्यात काय झाले हे त्यातल्या बहुतेकांच्या कानावरही आले नव्हते. बातमी दाबली गेली होती ती अशी. पहिल्या शवविच्छेदनात हेळसांड झाली, पुरावा हातचा गेला, प्रेते पुन्हा उकरून काढावी लागली. नोव्हेंबरात नागपूर, अमरावती, भंडारा पेटले, तेव्हा कुठे सरकारला जाग आली, पोलीस आणि डॉक्टर निलंबित झाले, तपास सीबीआयकडे गेला. आणि तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील काय म्हणाले? आंदोलनामागे नक्षलवादी असल्याची भाषा त्यांनी केली. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेतल्याशिवाय ज्या सरकारचे भाषण सुरू होत नसे, त्या सरकारला स्वतःच्या मुलीसाठी रडणारा समाज नक्षलवादी दिसला! याच गृहमंत्र्यांनी पुढच्या वर्षी गावोगाव तंटामुक्तीची मोहीम काढली, आणि काही वर्षांनी खुद्द खैरलांजी तंटामुक्त गाव ठरल्याची बातमी आली. तंटा करणारे घरच उरले नाही, तर गाव तंटामुक्त होणारच.

आता न्यायालयाकडे वळू. १५ सप्टेंबर २००८ रोजी भंडाऱ्याच्या न्यायालयाने अकरा आरोपींपैकी आठ जणांना दोषी धरले, तिघांना सोडले. २४ सप्टेंबरला सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. समाजात पेढे वाटले गेले. फाशीच्या आकड्याकडे पाहताना निकालात काय नाही, इकडे थोड्यांचेच लक्ष गेले. अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू झालेला नव्हता. विनयभंगाचा आरोप टिकला नव्हता. कटही सिद्ध झाला नव्हता. १४ जुलै २०१० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांची सक्तमजुरी दिली आणि हे हत्याकांड जातीतून नव्हे तर सूडातून घडल्याचे मत कायम ठेवले. मायलेकींनी साक्ष दिली, म्हणून सूड घेतला, असा त्याचा अर्थ.

आम्ही न्यायालयाचा आदर राखून एवढेच विचारतो की सूड आणि जात या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत असे कोणी ठरवले? गावात एका जातीच्या माणसाने दुसऱ्या सवर्ण माणसाविरुद्ध साक्ष दिली तर अबोला होतो, फार तर डोके फुटते. बायको, मुलगी, दोन मुलगे, अख्खे घर संपवण्याइतका राग येतो तो साक्ष देणारी कोण आहे यावरून. आणि जमिनीच्या वादात जात नसते हे म्हणणे तर खुद्द कायद्यालाच मान्य नाही. १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा काढून पाहा. अनुसूचित जातीच्या माणसाची जमीन बेकायदा बळकावणे, कसणे, त्याला जमिनीतून हुसकावणे, त्याच्या जमिनीच्या वा पाण्याच्या हक्कात ढवळाढवळ करणे, हे त्यात पहिल्यापासून अत्याचार म्हणून लिहिलेले आहे. कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते की आमची जात आमच्या कपाळापेक्षा आमच्या सातबाऱ्यावर आधी दिसते. २०१५-१६ च्या कृषी गणनेत अनुसूचित जातींकडे देशातले सुमारे १२ टक्के खातेदार दिसतात, क्षेत्र मात्र ९ टक्क्यांच्याही आत आहे. लोकसंख्येतला वाटा २०११ च्या जनगणनेनुसार १६.६ टक्के. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला, हजारो लोक तुरुंगात गेले, ते याच सातबाऱ्यासाठी. भोतमांगे यांच्याकडे तो होता. त्यांचा गुन्हा भूमिहीन नसणे हा होता.

खैरलांजीनंतर काहीच बदलले नाही असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. मूळ कायद्यात गंभीर गुन्हा जातीच्या 'कारणावरून' घडला हे सिद्ध करावे लागे, आणि याच शब्दापाशी असंख्य खटले पडले. २०१५ च्या दुरुस्तीने तो शब्द गेला. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे हे आरोपीला माहीत होते, एवढे आता पुरते. खैरलांजीत भोतमांगे कोण आहेत हे माहीत नसलेला एकही माणूस नव्हता. ही दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. भोतमांगे खटल्याला तिचा उपयोग नव्हता. एप्रिल २०२१ मध्ये, अनुसूचित जातीच्या एका अंध तरुणीवरील अत्याचाराच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की जात, बाईपण आणि अपंगत्व हे एकाच देहावर एकदम येऊन आदळतात, त्यांना सुटे करून पाहता येत नाही. तरीही त्याच खटल्यात अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालील शिक्षा पुराव्याअभावी टिकली नाही. मार्च २०१८ मध्ये न्यायालयाने याच कायद्याचे दात काढले तेव्हा २ एप्रिलला भारत बंद झाला, माणसे मेली, आणि मग ऑगस्टमध्ये संसदेने ते दात परत बसवले. म्हणजे दुरुस्ती होते, पण ती रस्त्यावरून आणावी लागते.

२०१५ च्या याच दुरुस्तीत कलम १५-अ आले. प्रियंकाची आठवण काढताना आमच्या मते सर्वांत आधी हे कलम काढले पाहिजे. पीडित, त्यांचे नातेवाईक आणि साक्षीदार यांना संरक्षण देण्याची जबाबदारी राज्यावर आहे. जामिनाच्या सुनावणीसह प्रत्येक कामकाजाची सूचना पीडिताला मिळाली पाहिजे, त्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सूचना देणे बंधनकारक असल्याचे सांगितले आहे. हे २९ सप्टेंबर २००६ ला असते आणि पाळले गेले असते, तर जामिनाच्या आधी सुरेखाताईंना काय वाटते हे विचारावे लागले असते.

असते आणि पाळले गेले असते, हे दोन्ही शब्द महत्त्वाचे. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्ड्याचा नितीन आगे हा मुलगाही सतराच वर्षांचा होता. बाप मोलमजुरी करणारा. २८ एप्रिल २०१४ ला त्याला मारून झाडाला लटकवले. २०१७ च्या नोव्हेंबरात सर्व आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार फिरले. त्यांत त्याच्या शाळेतले शिक्षकही होते. दुरुस्ती तेव्हा लागू झालेली होती. पगारदार, शिकलेली, जातीने सुरक्षित माणसे जिथे कचरली, तिथे खैरलांजीची बारावीतली पोर कचरली नव्हती. या दोन मुलांची नावे शेजारी ठेवली म्हणजे आपल्या खटल्यांत शिक्षेचे प्रमाण इतके कमी का, हे कळायला वेगळा आयोग लागत नाही. २०२२ या एका वर्षात देशात अनुसूचित जातींवरील ५७,५८२ गुन्हे नोंदले गेले. प्रत्येक गुन्ह्यामागे कोणीतरी पाहणारा आहे, आणि त्या प्रत्येकाला रात्री त्याच गावात झोपायचे आहे.

भैयालाल भोतमांगे यांचे २० जानेवारी २०१७ रोजी नागपुरात हृदयविकाराने निधन झाले. सर्वोच्च न्यायालयातले अपील तेव्हाही प्रलंबित होते. सरकारने त्यांना नोकरी दिली, घर दिले, संरक्षण दिले. संरक्षण मिळाले ते घरात एकटे उरल्यावर. दहा वर्षे ते भंडाऱ्यात राहिले, सभांना आले, स्टेजवर बसले, प्रत्येक पुढाऱ्याने त्यांच्यासोबत फोटो काढला. धानाच्या बांधीत उभा असलेला माणूस म्हणून त्यांना कोणी काही विचारले का, त्यांच्या पोरीला कोणता विषय आवडायचा, तिला पुढे काय व्हायचे होते, हे कोणी लिहून घेतले का? लिहून घेतले असेल तर ते पुस्तकरूपाने समाजापुढे यावे. तिच्याबरोबर शिकलेल्या मुली आज पस्तिशीच्या पुढे-मागे असतील, तिला शिकवणारे गुरुजी निवृत्त झाले असतील. त्यांच्याकडे अजून जाता येईल.

आणि सभा घेणाऱ्यांना आमची एक सूचना आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता व नियंत्रण समिती असते आणि तिची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हावी लागते. मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य समितीची बैठक वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये. येत्या २९ सप्टेंबरला मेणबत्त्या लावून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जिल्हाधिकारी कार्यालयात माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज द्यावा. गेल्या वर्षभरात समितीच्या किती बैठका झाल्या, त्यांचे इतिवृत्त द्या. आपल्या जिल्ह्यात किती साक्षीदारांनी संरक्षण मागितले आणि त्यांतल्या किती जणांच्या दारापुढे प्रत्यक्षात शिपाई उभा राहिला, तेही लिहून द्या.